बाजार धरावा कीं सोडावा?



नोकरी सोडावी कीं न सोडावी, या प्रश्नाचा आपल्या घरांतून पुष्कळ खल होत असतो. वडील माणसें सल्ला देतात, शेजारी मत देतात, आणि निर्णय चुकलाच तर दोष वांटून घेण्यास चार माणसें तरी असतात. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत कामाचा असा एक प्रकार निघाला आहे कीं, ज्यांत नोकरीहि नाहीं आणि दुकानहि नाहीं. इंटरनेटवरील कामाच्या बाजारांत आपलें नांव, आपली विद्या आणि आपला दर मांडून बसावयाचें, आणि सातासमुद्रांपलीकडील गिऱ्हाइकानें पसंत केलें म्हणजे घरबसल्या त्याचें काम करून द्यावयाचें, असा हा व्यवसाय आहे. पुण्यामुंबईच्या आणि नागपूर-नाशिकच्या सुशिक्षित घरांत आज कोणी भाषांतरें करतो, कोणी चित्रें काढतो, कोणी संगणकाच्या आज्ञावली लिहितो, एखादी गृहिणी मुलें शाळेंत गेल्यावर परदेशांतील व्यापाऱ्याचे हिशेब लिहिते, तीं सर्व याच बाजाराच्या आधारानें. हा बाजार एकाएकीं थंडावला, आठवड्यामागून आठवडे काम येईनासें झालें, म्हणजे तेथें बसून राहावें कीं उठून जावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम हा बाजार देतो काय आणि घेतो काय, तें पाहूं. अमेरिकेंत ईलान्स आणि ओडेस्क असे दोन बाजार होते. ते एक होऊन २०१५ सालीं त्यांस अपवर्क हें नांव मिळालें. ऑस्ट्रेलियांतील फ्रीलान्सर २००९ सालचा, तर इस्रायलमधील फायव्हर २०१० सालचा. या सर्वांची रीत थोड्याफार फरकानें एकच आहे. ते काम करणाऱ्यास तीन गोष्टी देतात. पहिली गोष्ट ओळख, म्हणजे एरवीं जो कधीं भेटला नसता त्या गिऱ्हाइकाची गांठ. दुसरी विश्वास, कामाची रक्कम पुष्कळदां आरंभींच मध्यस्थापाशीं जमा होते, त्यामुळें पैसे बुडण्याचें भय कमी होतें. तिसरी लौकिक, पूर्वीच्या गिऱ्हाइकांनीं दिलेले तारे आणि अभिप्राय नव्या गिऱ्हाइकास दिसतात. या तिहींच्या मोबदल्यांत बाजार आपली आडत कापून घेतो. फायव्हर शंभरांतून वीस घेतो. अपवर्कनें २०१६ सालीं चढउताराचा दर बसविला, २०२३ सालीं तो सरसकट दहा टक्के केला, आणि २०२५ सालापासून नव्या करारांवर तो शून्यापासून पंधरा टक्क्यांपर्यंत बदलता ठेवला. शिवाय २०१९ सालापासून तेथें कामासाठीं अर्ज करावयाचा तर ‘कनेक्ट’ नांवाचीं नाणीं विकत घ्यावीं लागतात. एका नाण्यास पंधरा सेंट पडतात आणि एका अर्जास अनेक नाणीं लागतात.

ही शेवटची गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मोंढ्यांतील अडत्या माल विकला गेल्यावर आडत घेतो. माल पडून राहिला तर त्यालाहि मिळकत नाहीं. येथें मात्र काम मिळो वा न मिळो, उभें राहण्याचें भाडें अगोदरच द्यावें लागतें. म्हणून मंदीच्या दिवसांत नुसतें थांबणें फुकट नसतें. ‘बघूं आणखी एक महिना’ या शब्दांस किंमत पडते, आणि ती कोणी आपणांस मागत नाहीं म्हणून कळत नाहीं.

आतां काम आटण्याचीं कारणें पाहूं. कारण रोग ओळखल्यावांचून औषध सांगणें हा शहाणपणा नव्हे. पहिलें कारण हंगामाचें. आपलीं गिऱ्हाइकें जर अमेरिकेंत आणि युरोपांत असतील, तर नाताळाच्या सुमारास आणि युरोपांत ऑगस्टच्या सुट्टींत काम मंदावणारच. गेल्या दोनतीन वर्षांच्या आपल्याच वह्या काढून तेच महिने ताडून पाहिले, म्हणजे ही मंदी ओळखतां येते. तिच्यावर धीराखेरीज दुसरा उपाय नको.

दुसरें कारण आपल्या स्थानाचें. गिऱ्हाइकास कोणाचें नांव वर दिसावें हें बाजाराचें यंत्र ठरवितें, आणि त्या यंत्राचें गणित आपणांस दाखविलें जात नाहीं. एखादा वाईट अभिप्राय, दोनतीन महिन्यांची गैरहजेरी, किंवा एकाच कामासाठीं झालेली गर्दी, यांमुळें नांव खालीं जातें. शेजारच्या समव्यवसायी मित्रास काम आहे आणि आपणांस नाहीं, असें दिसलें तर कारण बहुधा हें असतें. त्यावर उपाय आहेत. आपलें क्षेत्र अरुंद आणि नेमकें करावें; ‘सर्व प्रकारचीं भाषांतरें’ असें म्हणण्याऐवजीं ‘औषधांच्या माहितीपत्रकांचीं मराठी भाषांतरें’ असें म्हणावें. जुन्या गिऱ्हाइकांस पुन्हां लिहावें. परंतु या उपायांनाहि मुदत घालावी.

तिसरें कारण सर्वांत गंभीर. कित्येकदां आपला गाळा तेवढा ओस पडलेला नसतो. बाजाराचा तो सबंध भागच ओस पडलेला असतो. ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं चॅटजीपीटी लोकांपुढें आलें. त्यानंतरच्या आठ महिन्यांतील एका मोठ्या बाजाराच्या जाहिराती तपासणाऱ्या अभ्यासांत असें आढळलें कीं, लेखन आणि आज्ञावलीलेखन यांसारख्या, यंत्रास सहज करतां येण्याजोग्या कामांच्या मागण्या हातानें करावयाच्या कामांच्या तुलनेनें सुमारें २१ टक्क्यांनीं घटल्या. अपवर्कवरील दुसऱ्या एका अभ्यासांत लेखनाच्या व्यवसायांतील मासिक कमाई सुमारें ५ टक्क्यांनीं उतरल्याचें दिसलें. आणि विशेष हें कीं, ज्यांचा लौकिक उत्तम होता त्यांनाहि त्या लौकिकानें तारलें नाहीं. अशा वेळीं आपल्या वर्णनांतील शब्द फिरवून किंवा दर उतरवून कांहीं साधत नाहीं. विहीर आटली असतां दोर लांब करून पाणी येत नाहीं.

तेव्हां निर्णय करावा कसा? माझें उत्तर गद्य आहे: वही काढावी. तीन महिन्यांचा हिशेब मांडावा, आणि त्यांत न मिळालेल्या कामांवर गेलेला वेळहि धरावा. उदाहरणादाखल समजा, तुम्हीं एका महिन्यांत तीस अर्ज केले. प्रत्येकास बारा नाणीं धरलीं तर तीनशें साठ नाणीं झालीं. त्यांचे चौपन्न डॉलर. प्रत्येक अर्जास अर्धा तास म्हणजे पंधरा तास गेले. अखेर दोनशें डॉलरांचें एक काम मिळालें आणि तें वीस तासांत पुरें झालें. वरवर पाहतां तासास दहा डॉलर पडले. पण दोनशेंतून दहा टक्के आडतीचे वीस गेले, नाण्यांचे चौपन्न गेले. उरले एकशें सव्वीस. वेळ मात्र वीस नव्हे, पस्तीस तास. म्हणजे तासास साडेतीन डॉलरांहून किंचित् अधिक. ज्याला आपण दहा समजत होतों तें तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास निघालें. हा आंकडा डोळ्यांपुढें ठेवावा, आणि त्याच पस्तीस तासांत आपल्या शहरांतील एखाद्या प्रकाशकाकडे, कारखान्याकडे किंवा जाहिरात-संस्थेकडे काय मिळालें असतें तें शेजारीं लिहावें. वाद पुष्कळसा तेथेंच मिटतो.

पण माणूस वही पाहूनहि उठत नाहीं, याचें कारण काय? एक कारण तारे. वर्षानुवर्षें खपून मिळविलेले अभिप्राय त्या बाजारापुरतेच चालतात. भिक्षुकास जसें गांवचें वतन दुसऱ्या गांवीं नेतां येत नाहीं, तसा हा लौकिक दुसरीकडे नेतां येत नाहीं. ‘इतकें कमावलेलें टाकून कसें जाऊं?’ असें मन म्हणतें. परंतु जें खर्चून झालें तें राहिल्यानेंहि परत येणार नसतें. तारे पुढें काम देतील काय, एवढाच प्रश्न विचारण्यासारखा आहे. ते मिळवितांना किती घाम गाळला, हा नव्हे.

दुसरें कारण याहून सूक्ष्म आहे. येथें कोणी बडतर्फ करीत नाहीं. नोकरींत निदान पत्र येतें, शेवटचा पगार होतो, माणूस रडून मोकळा होतो. येथें दार उघडेंच असतें, दिवा लागलेला असतो, फक्त कोणी येत नाहीं. त्या शांततेचा अर्थ माणूस स्वतःच्या लायकीशीं जोडूं लागतो. ‘माझेंच कांहीं चुकत असेल’ असें म्हणत तो मध्यरात्रीं उठून पडदा पाहतो. घरच्यांना तो बेकार आहे असें वाटत नाहीं आणि तो कामावर आहे असेंहि वाटत नाहीं. या अवस्थेंत महिने जातात, शिल्लक संपते, आणि मग निर्णय त्याच्या हातीं राहत नाहीं. गरज तो करते.

मुंबईस ही अवस्था नवी नाहीं. गिरण्यांच्या दारांशीं ‘बदली’ कामगार सकाळीं उभे राहत; कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागीं दिवसाचें काम मिळे, नाहीं तर परत जावें. कोणास घ्यावें हें पुष्कळसें मुकादमाच्या मर्जीवर असे. १९३५ सालीं गिरणीमालकांच्या संघानें बदलीवाल्यांस कार्डें देण्याची पद्धति घातली. तरी रोज सकाळीं दारीं जाणें चुकलें नाहीं. पण त्यांतील कित्येकांस कोकणांत किंवा घाटावर घर आणि थोडी जमीन होती. काम नसेल तेव्हां तो गांवीं जाई. ती जमीन त्याला श्रीमंत करीत नव्हती. पण थांबण्याची आणि नाहीं म्हणण्याची थोडी ताकद देत होती. आजच्या घरबसल्या काम करणाऱ्यासहि अशी एखादी जमीन हवी. सहा महिन्यांच्या घरखर्चाची शिल्लक, बाजाराबाहेरचीं दोनतीन गिऱ्हाइकें, आठवड्यांतून कांहीं तासांची शिकवणी, यांपैकीं कांहीं तरी. ज्याचा दुसरा पाय कोठें तरी टेकलेला आहे, त्यालाच पहिला पाय उचलतां येतो.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनीं १९७० सालीं मांडलें कीं, एखादी संस्था खालावूं लागली म्हणजे तिच्याशीं संबंध असलेल्यांस दोन मार्ग असतात: निघून जाणें किंवा आवाज उठविणें. आपल्या बाजारांत एकट्यादुकट्या कारागिराचा आवाज फारसा पोंचत नाहीं. म्हणून निघून जाण्याचा मार्ग हा त्याचा खरा हक्क आहे, आणि तो हक्क त्यानें रागाच्या भरांत उधळूं नये. हातांतलीं कामें पुरीं करावीं. जमा रक्कम काढून घ्यावी. केलेल्या कामांचे नमुने, गिऱ्हाइकाची संमति असेल तेथें, आपल्यापाशीं जपावेत. बाजारांत भेटलेलें गिऱ्हाईक चोरवाटेनें बाहेर नेऊं नये. अपवर्कच्या करारांत यास दोन वर्षांची मनाई आहे, आणि त्याआधीं न्यावयाचें तर ठराविक रक्कम भरावी लागते. नियम मोडून नेलेलें गिऱ्हाईक उद्यां आपल्याशींहि तसेंच वागेल, हें विसरूं नये.

शिवाय सोडणें म्हणजे दुकान जाळणें नव्हे. नांव तेथें राहूं द्यावें. फक्त नाण्यांवरचा खर्च आणि रोजचें वाट पाहणें बंद करावें. पूर्वींचे दुकानदार फळ्या लावून ठेवीत, तसें. एखादें जुनें गिऱ्हाईक आपण होऊन आलें, तर फळी काढावयास कितीसा वेळ लागतो?

सारांश असा. मंदी हंगामी असेल तर थांबावें. स्थान घसरलें असेल तर तीन महिन्यांची मुदत घालून उपाय करावा, आणि ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत घरच्यांसमक्ष लिहावी. कारण मनांत ठेवलेली तारीख पुढें सरकते. आणि पेठच उठली असेल तर, शिल्लक आहे तोंवर, दुसऱ्या पेठेचा रस्ता धरावा. घरच्यांसहि एक विनंति आहे. घरांत बसून काम करणारा मुलगा किंवा सून कांहीं दिवस गप्प दिसली, तर ‘काम आहे ना?’ एवढेंच विचारून थांबूं नका. वही घेऊन शेजारीं बसा. नोकरी सुटण्याचें पत्र ज्याला कोणी धाडत नाहीं, त्याला निर्णय घेतांना सोबतीची गरज अधिक असते.