लहान जखम आणि जंतुनाशक जेल
(व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



भाजी चिरताना विळी लागते, कापड कापताना कात्री निसटते, खेळताना मुलाचा गुडघा खरचटतो. जखम लहान असते, म्हणून तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. कोणी तिच्यावर चहाची पूड दाबतो, कोणी तंबाखू, तर कोणी कपाटातील हाती येईल ती ट्यूब पिळतो. या सर्वांमागे एकच समजूत असते, ती म्हणजे जखम औषध भरून काढते. वस्तुतः जखम शरीरच भरून काढते. औषध केवळ मार्गातील अडथळा दूर करते.

१८६५ मध्ये ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर या शल्यविशारदाने हाड मोडून झालेल्या उघड्या जखमेवर कार्बोलिक आम्ल वापरले आणि जंतुनाशनाचे युग सुरू झाले. परंतु पहिल्या महायुद्धात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना आढळले की खोल जखमेत ओतलेली तीव्र जंतुनाशके जंतूंपर्यंत पुरेशी पोहोचत नाहीत, शरीराच्या रक्षक पांढऱ्या पेशी मात्र नष्ट करतात. पुढे १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगातून दाखविले की उघडी टाकून सुकविलेल्या जखमेपेक्षा ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने येते.

जेलची उपयुक्तता येथेच आहे. जेलमध्ये मुख्यत्वे पाणीच असते. ते जखमेवर टिकून राहते आणि तिला ओलावा देते. त्यात पोव्हिडोन आयोडिन, चांदीचे संयुग किंवा हायपोक्लोरस आम्ल मिसळलेले असते. यांपैकी हायपोक्लोरस आम्ल तर पांढऱ्या पेशी स्वतःच निर्माण करतात. ही द्रव्ये जंतूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी आघात करतात. त्यामुळे त्यांना दाद न देणारे जंतू सहजासहजी निर्माण होत नाहीत.

म्युपिरोसिन, फ्युसिडिक आम्ल यांसारख्या प्रतिजैविकांची गोष्ट निराळी आहे. ती जंतूच्या एकाच वर्मावर घाव घालतात. ते वर्म बदलले की जंतू सुटतो. म्युपिरोसिन काही रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी नाकातील हट्टी जंतू घालविण्यासाठी दिले जाते. एकाने साध्या ओरखड्यावर उधळलेले औषध दुसऱ्याच्या ऐन गरजेच्या वेळी निकामी ठरू शकते. फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच पेनिसिलिनच्या अविचारी वापराविषयी असा इशारा दिला होता.

याहून घातक सवय म्हणजे खाज, गजकर्ण आणि जखम या सर्वांवर स्टिरॉइडमिश्रित एकच ट्यूब लावणे. स्टिरॉइडमुळे लाली दबते. पण जंतुसंसर्ग झाकला जातो, त्वचा पातळ होते आणि जखम भरणे लांबते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक स्टिरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता न येणाऱ्या औषधांच्या अनुसूचीत घातले, ते याच कारणास्तव.

मग गृहस्थाने काय करावे? प्रथम आपले हात धुवावेत. स्वच्छ सुती कापडाने जखम दाबून रक्त थांबवावे. नंतर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली माती-कचरा निघेपर्यंत ती धुवावी. हेच सर्वांत मोठे औषध होय. त्यानंतर साध्या जंतुनाशक जेलचा पातळ थर द्यावा, वर स्वच्छ पट्टी बांधावी आणि ती रोज, तसेच भिजल्यास किंवा मळल्यास, बदलावी. ट्यूबवरील मुदत पाहावी. थायरॉइडचे रुग्ण, गर्भवती स्त्रिया आणि तान्ही बालके यांच्यासाठी आयोडिन वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

काही जखमा दिसायला लहान, पण परिणामी मोठ्या असतात. मधुमेही व्यक्तीच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. तिथला छोटासा व्रणही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. गंजका खिळा लागल्यास किंवा जखमेत माती गेल्यास धनुर्वाताच्या लसीविषयी विचारावे. कुत्रे चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तत्काळ रेबीजच्या लसीसाठी जावे. तेथे कोणतेही जेल पुरेसे नाही. सूज वा लाली पसरू लागली, पू झाला किंवा ताप आला, तर घरगुती उपचार तेथेच थांबवावेत.

औषधाच्या पेटीत ट्यूब किती आहेत, यावर घराची सुरक्षितता ठरत नाही. कोणती केव्हा लावावी आणि केव्हा मुळीच लावू नये, हा विवेक घरात असला पाहिजे.