गेलेले नाक, परतलेला चेहरा

अब्रू गेली की आपण ‘नाक कापले’ असे म्हणतो. इंग्रजी फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजीचे नाक मात्र खरोखरच कापले गेले. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला होता. वर्षभराने पुण्याजवळील एका वीटकऱ्याने त्याला नवे नाक घडवून दिले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाने बेतून त्याने कपाळावर आकृती आखली; भुवयांमधला देठ राखून कातडी सोडविली व खाली वळविली. देठातून रक्त मिळत राहिले, म्हणूनच ती जगली. जोडावर काताची पट्टी बसविली. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापड घातले. कारण नुसते शोभणारे नाक काय कामाचे? त्यातून श्वासही वाहिला पाहिजे. पुढे, पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, देठ कापला.

१७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हे वृत्त छापून आले. १८१४ साली तेथील शल्यविशारद जोसेफ कार्पू यांनी हीच रीत अवलंबिली. आजही कपाळाच्या कातडीने नाक घडविले जाते. त्या वृत्तात कावसजीचे नाव आहे. त्याला समाजात तोंड दाखविण्याजोगे करणाऱ्या कारागिराची मात्र केवळ जात नोंदली आहे, नाव नाही.