धर्माचा जमाखर्च



परिषद नाशिकला भरली आहे, तेव्हा अध्यक्षाने आधी गोदावरीचे आणि पंचवटीचे स्तवन करायला हवे. ते काम स्वागताध्यक्षांनी माझ्यापेक्षा चांगले केले आहे. म्हणून मी तुम्हाला थेट त्रिरश्मी डोंगरावर, पांडवलेण्यांतल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नेतो.

तिथे नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भिक्षुसंघाला लेणे देताना त्याने तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवीही दिली. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर खर्च भागवायचा. ही रक्कम राजाच्या खजिन्यात राहिली नाही. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ती ठेवली गेली. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. दोन हजारांचे व्याज महिन्याला 20, वर्षाला 240. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 द्यावेत, असे लेख सांगतो. गुणाकार करून पाहा, दमडीचा फरक निघत नाही. शिवाय हा सारा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला गेला आणि रिवाजाप्रमाणे दप्तरी नोंदवला गेला.

याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात हाच उषवदात ब्राह्मणांना गायी आणि गावे देतो, नद्यांवर फुकट नावा चालवतो, सोपाऱ्याला आणि भडोचला धर्मशाळा बांधतो. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, गौरव करते: त्याने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्याच घराण्याचा, वंश उखडला, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला. आणि एवढे सांगून लेणे दान करते ते बौद्ध भिक्षूंना! आपण पाठ्यपुस्तकांत बौद्ध आणि वैदिक अशा मध्ये भिंत घातलेल्या दोन खोल्या बांधल्या. ही माणसे दोन्हींत वावरताना दिसतात. मात्र याला सर्वधर्मसमभाव म्हणण्याचीही घाई नको. लेणी घाटवाटांच्या आसपास आहेत, ठेवी कारागिरांकडे आहेत, दान देणारे सत्ताधारी आहेत. पुण्याची इच्छा खरी असेल, पण त्या पुण्याला जकात, बाजार आणि राज्याची मान्यता चिकटलेली आहे. आजचे सद्गुण त्यांच्यावर लादणे हाही इतिहासावर अन्यायच.

माझे म्हणणे एवढेच की धर्माचा इतिहास आपण ग्रंथांवरून फार लिहिला, जमाखर्चावरून फार थोडा. ग्रंथ काय असावे ते सांगतो, हिशेब काय होते ते सांगतो.

पंढरपूरचेच घ्या. तिथला चौऱ्यांशीचा लेख शके 1195 नंतरच्या चार-पाच वर्षांतला, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही आधीचा. आहे काय तो? देणगीदारांची यादी! यादव राजा रामदेवराय आहे, त्याचा मंत्री हेमाद्री आहे, आणि त्यांच्याबरोबर कितीतरी साधी माणसे आपापल्या रकमांसह आहेत. पुढे भाविकांनी त्या शिळेला पाठ घासायला सुरुवात केली; चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो म्हणून. हिशेबाचा दगडच तीर्थ झाला. आपल्या समाजाच्या धर्मभावनेविषयी यापेक्षा बोलका पुरावा मला माहीत नाही, आणि थोडी गंमतही वाटते.

पेशवाईतल्या श्रावणमासाच्या दक्षिणेची कथा याच वाटेवरची. दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा पेशव्यांनी वाढवली, पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. राज्य गेल्यावरही इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने ती एकदम बंद केली नाही. त्याच निधीतून 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, आणि पुढे दक्षिणा प्राइझ कमिटीमार्फत मराठी ग्रंथकर्त्यांना बक्षिसे मिळू लागली. त्यासाठी लोकहितवादींच्या पिढीला सनातन्यांशी भांडावे लागले. पुण्यातले ते भांडण शास्त्रार्थाचे वाटते. मुळात ते निधी कुणाचा, याचे होते.

हिशेबाची मर्यादाही सांगितली पाहिजे. यादीत नाव येते ते देणाऱ्याचे. ज्याला दारातच अडवले त्याची नोंद जमेच्या बाजूला कशी सापडणार? चोखोबांची समाधी पंढरपूरच्या मंदिराच्या महाद्वाराबाहेर आहे, आणि त्याच मंदिराची दारे अस्पृश्यांना उघडावीत म्हणून साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषणाला बसावे लागले. मधली शतके जमेच्या रकान्यात मुकी आहेत. तिथे खर्चाची बाजू उघडावी: झाडलोट करणारा, मशाल धरणारा, वाजंत्री. त्यांना काय मिळाले, धान्यात की रोख, कुठल्या सणाला, आणि कुठल्या वर्षापासून ते बंद झाले? जातीचा आणि देवळाचा संबंध त्या ओळींत जितका उघडा पडतो तितका माहात्म्यग्रंथांत पडत नाही.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आहेत. इतिहासकार सरदेसायांनी त्यातून 45 खंड काढले, पण ते वेचे होते आणि राजकारणाचा वाटा त्यात मोठा होता. देवस्थाने, मठ, दर्गे यांच्या इनामांचे कागद त्याच दप्तरात आहेत. त्याखेरीज जुन्या संस्थानांच्या माळ्यांवर कीर्दी-खतावण्या आहेत. त्या मागायला गेलो की विश्वस्तांना आधी कज्जा आठवतो, इतिहास नंतर. मोडी शिकवणारे वर्ग आता गावोगावी निघतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यातून बाहेर पडणारा विद्यार्थी पत्र वाचतो आणि हिशेबाच्या बंदाशी अडतो, कारण रुपये-आणे-पै, पायली-कुडव आणि गणिताच्या खुणा त्याला कुणी शिकवलेल्या नसतात. परिषदेने यंदा एक काम हाती घ्यावे: मोडीचा एक जाणकार आणि जुनी खतावणी कळणारा एक माणूस एकत्र बसवून एका देवस्थानाच्या एका वर्षाच्या वह्या अथपासून इतिपर्यंत छापाव्यात. देवस्थान कुठले घ्यायचे, ते आपण उद्याच्या बैठकीत ठरवू.