दोन संख्यांची बेरीज
(१९९६ च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"सॉफ्टवेअरमध्ये नेमकं काय करतेस ते पाच मिनिटांत सांग," असं संयोजकांनी बजावलंय. ते माझ्या आईलाही अजून सांगता आलेलं नाही. म्हणून मला काय जमलं नव्हतं, ते सांगते.

२००१ साली इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी जावाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रश्न आला: दोन संख्या घ्या, बेरीज करा. बेरीज आपण पहिलीत शिकलो. पण तेव्हाच्या जावात कीबोर्डवरून एक आकडा घ्यायचा, तर आधी 'इनपुटस्ट्रीमरीडर', त्याच्याभोवती 'बफर्डरीडर', आलेल्या अक्षरांचा अंक करायला 'पार्सइंट', आणि या सगळ्याच्या वर 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन' ही ओळ. अर्थ विचारला की उत्तर ठरलेलं, "आत्ता पाठ करा, पुढे कळेल." मी शुभंकरोतीसारखी पाठ केली आणि नेमकं शेवटचं 'थ्रोज आयओएक्सेप्शन' विसरले. प्रोग्राम चाललाच नाही. त्या रात्री एसटीडी बूथवरून बाबांना म्हटलं, "मराठी माध्यमवाल्यांचं हे काम नाही. मी घरी येते." बाबा म्हणाले, "मीटर पळतोय. परीक्षा संपल्यावर बोलू." तेवढ्यावर निभावलं.

पुढे कळलं, की या ओळीपाशी अमेरिकेतले प्राध्यापकही अडले होते. एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेनं स्टॅनफर्डच्या एरिक रॉबर्ट्स यांच्या नेतृत्वाखाली एक गट नेमला आणि २००६ मध्ये नवशिक्यांसाठी तयार क्लासेसचा संच दिला. त्यात 'मेन' लिहायचंच नाही. 'रीडइंट' म्हटलं की आकडा हातात! प्रिन्स्टनच्या सेजविक आणि वेन यांचाही असाच संच आहे. त्यातला 'स्टडड्रॉ' माझा लाडका. (यातलं एसटीडी म्हणजे 'स्टँडर्ड', आपला बूथ नव्हे.) एरवी संगणकाच्या पडद्यावर आरंभबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि वाय खाली वाढत जातो. स्टडड्रॉमध्ये तो खालच्या डाव्या कोपऱ्यात, वाय वर जातो. भूमितीच्या बाईंच्या आलेख कागदासारखा, अगदी तस्साच.

गेल्या वर्षी माझ्या आठवीतल्या भाचीला मी यावरूनच शिकवायला घेतलं. पहिल्या रविवारी वर्तुळ. चौथ्या रविवारी तिनं लूपमध्ये लूप घालून रांगोळीचे ठिपके मांडले. पाठांतर शून्य. मी इतकी खूश, की महिनोन्महिने तेच चालू ठेवलं. मग एकदा संच बाजूला ठेवून नेहमीचा जावा प्रोग्राम दाखवला, तर ती भडकलीच. "मावशी, म्हणजे इतके दिवस तू मला खोटी जावा शिकवत होतीस?"

खोटी नव्हती; पण मी आतलं फार दिवस झाकून ठेवलं, हे तिचं म्हणणं खरंच होतं. नोकरीत कोणी स्टडड्रॉ देत नाही. मग आम्ही त्या संचाचीच मूळ फाइल उघडली. आत जागोजागी 'पब्लिक स्टॅटिक'! तिनं विचारलं, "स्टॅटिक म्हणजे?" ते नीट सांगायला मला अर्धा तास लागला. मला कोणी दिला नव्हता तो अर्धा तास.

आता सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ मध्ये नुसतं 'व्हॉइड मेन' लिहिलं तरी चालतं. माझ्या परीक्षेला जरा उशीरच झाला.

मुख्याध्यापक सरांना विनंती, की शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षाची किल्ली दोन तास मला द्यावी. आणि बाई, आलेख कागद तुम्ही आणा.