टँकर भरतो, विहीर खारावते
(घोडबंदर येथील बैठकीतील भाषण)



थंड देशांत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते मुरून विहिरींत उतरते. आपल्याला मीठ टाकायला नको, पायाशी वसईची खाडीच आहे.

शेतकी कॉलेजात आम्ही एक हिशेब शिकलो. गोडे पाणी हलके, ते खाऱ्यावर तरंगते. वाळूच्या किनाऱ्यावर समुद्रपातळीच्या वर १ मीटर गोडे पाणी असेल, तर त्या पातळीखाली साधारण ४० मीटर असते. पंपाने वरचे हातभर उतरवले, की खालचे खारे पाणी कालांतराने ४० हात चढते. आपल्याकडे कातळ, पाणी भेगांतून चालते. हिशेब तंतोतंत लागणार नाही, पण उपशाने खार आत येतो तो येतोच.

खाडीपलीकडे वसईत वाड्यांतल्या विहिरी टँकरसाठी उपसल्या गेल्या, पाणी खारावले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीला त्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले. पाणी विकणाऱ्याला आम्ही चोर म्हणत नाही. भाताला भाव नाही, म्हणून तो पाणी विकतो. पण खार त्याच्या बांधाशी थांबत नाही, शेजाऱ्याच्या विहिरीतही जातो. आणि मीठ कुजत नाही, उकळून जात नाही, मातीतून गाळलेही जात नाही.

तेव्हा मे महिन्यात प्रत्येकाने विहिरीच्या तळाचे पाणी बाटलीत भरून तपासायला द्यावे. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत हवे. आकडा दरवर्षी चढत असेल तर आधी टँकर बंद, मग पंपाचे तास कमी. उघाडीची दारे पावसाआधी दुरुस्त करू. बाटलीवर नाव आणि तारीख लिहायला विसरू नका.