विम्याच्या कागदाचे शेवटचे पान



कामगारांचा करार हाती आला की मी शेवटचे पान आधी वाचतो. मालकाची मेख तिथे असते. विम्याचेही तसेच आहे. वसईच्या आमच्या एका निवृत्त गिरणीवाल्याने ग्रॅच्युइटीतून मुंबईहून निघणाऱ्या जहाजाची दोन तिकिटे काढली. आठ दिवस आधी पत्नीला हृदयविकाराचा झटका आला. विमा कंपनी म्हणाली, आजार जुना, तो वगळलेला!

तेव्हा आगाऊ रक्कम भरताच विचारा, सहल रद्द होण्याची कोणती कारणे धरली आहेत? नुसते मन बदलले तर सामान्यतः छदाम मिळत नाही. जुना आजार लपवू नका. तारीख जवळ येते तशी जहाजकंपनीची कपात वाढते, म्हणून भरपाईची मर्यादा पूर्ण भाड्याएवढी हवी.

दावा नाकारला तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा पटले नाही, तर २०१७ च्या नियमांप्रमाणे विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जा. तिथे फी नाही, वकील नाही. आमच्या गृहस्थांचा अर्ज मीच लिहिला. निकाल यायचा आहे.