विषय मागेल ते माध्यम



प्रायोगिक चित्रपटाच्या या परिषदेत चित्रकर्ती आणि व्हिडिओ कलावंत नलिनी मलानी यांचं नाव वारंवार निघेल. यजमान मुंबईला त्यांच्याविषयी आधी बोलण्याचा हक्क आहे, असं मी मानतो. जन्म १९४६चा, कराचीतला. फाळणीत कुटुंब इकडे आलं. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकून त्या बाहेर पडल्या, त्याच १९६९ साली चित्रकार अकबर पदमसींनी आपल्या नेहरू फेलोशिपच्या बळावर मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ ही कलावंतांची प्रयोगशाळा सुरू केली होती. विशीतल्या या चित्रकर्तीच्या हाती तिथं कॅमेरा आला. घरांच्या एका मॉडेलवर रंगीत प्रकाश टाकत त्यांनी ‘ड्रीम हाउसेस’ ही फिल्म केली. पुढे १९७६मध्ये त्या स्वप्नाशेजारी त्यांनी कृष्णधवल मुंबई ठेवली: झोपडपट्टीकडे पाहत उभी असलेली एक तरुणी. त्या जोडपटाचं नाव ‘युटोपिया’.

मला स्वतःला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं ते १९९८चं, पोखरणच्या अणुचाचण्यांनंतरचं, मंटोंच्या ‘टोबा टेकसिंग’ या फाळणीच्या कथेवरचं व्हिडिओ-मांडणशिल्प. पत्र्याच्या ट्रंका, त्यांत लुकलुकणारे मॉनिटर. समोरासमोरच्या भिंतींवर दोन बायका, एक भारतीय, एक पाकिस्तानी. दोघी मिळून एकच साडी घडी करू पाहताहेत, आणि मधलं अंतर काही मिटत नाही. त्या अंतरात प्रेक्षक उभा! हे कॅनव्हासवर सांगता आलं नसतं. म्हणून त्यांना ‘नव्या तंत्रांत रमलेल्या’ म्हटलेलं मला पटत नाही. विषय मागेल ते माध्यम त्यांनी शिकून घेतलं. सत्तरी ओलांडल्यावरही त्या आयपॅडवर बोटानं रेखाटून ॲनिमेशन करत होत्या. २०२३मध्ये क्योटो पुरस्कार मिळाला, त्याचा आनंद आपल्या सर्वांना आहेच.

मात्र त्यांच्या हाती पहिल्यांदा कॅमेरा देणारं ते ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ जेमतेम तीनेक वर्षं चाललं. शिकणाऱ्या मुलांना फुकट कॅमेरा हाताळता येईल, फसलं तरी कुणी हिशेब मागणार नाही, अशी जागा मुंबईत पुन्हा व्हावी, असा ठराव स्वागत समिती उद्याच्या खुल्या अधिवेशनात मांडणार आहे. त्यावर आपण मनमोकळं बोलावं, दुरुस्त्या सुचवाव्यात आणि तो संमत करावा, ही विनंती करून मी अध्यक्षांना सूत्रं हाती घेण्याची प्रार्थना करतो.